शेवटचं बोटभर

रेनोने बाटली आणली बेल्जियमहून,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
तीस वर्षं कालव्यावरचा पूल वर-खाली केलेला माणूस,
बोलणंही तसंच:
एक वाक्य उचलायचं,
खालून जायचं ते सगळं जाऊ द्यायचं,
मग हळूच टेकवायचं.
"आर्डिस," तो म्हणाला,
आणि बऱ्याच वेळाने,
"शेवटचं बोटभर ओतू नकोस."

फेब्रुवारी. हॅनकॉकला बर्फ खिडकीच्या अर्ध्यावर.
आम्ही प्यायलो. काळी मिरी, नाशपती,
आणि मागाहून असं काही, ज्याला
शाळेत अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही
मला नाव देता आलं नाही.
तळाशी साका उरला,
पिठूळ, मळकट.
आठवड्याने त्याची लेक आली
आणि त्याच्या गुडघ्यांसाठी
त्याला ॲरिझोनाला घेऊन गेली.
मोजा इथेच राहिला.

आमच्या घरी दह्याचं विरजण
रुमालाच्या टोकाला वाळवून
फिनलंडहून बोटीने आलं होतं.
रुमाल भिजवला, दूध लागलं.
तेव्हा साक्याला मी साधा गाळ समजले नाही.

बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवलं.
माल्टचं पाणी उकळून निववलं,
साका त्यात सोडला, बरणीला फॉइलची टोपी.
फ्रिजवर ठेवली. जाता-येता हलवायची.
पहिला दिवस काही नाही.
दुसरा, तिसरा, काही नाही.
चौथ्या दिवशी मी बरणीशी बोलले,
हे कोणाला सांगितलेलं नाही.
सहाव्या दिवशी काठाला फेसाची रेघ,
नखाएवढी.

पुढे घाई करायची नसते.
फार दिवसांच्या उपाशाला
एकदम ताट वाढत नाहीत.
आधी पेलाभर, मग तांब्याभर,
मग एप्रिलमध्ये वीस लिटर,
सातूचा काढा, हॉप्स, बिटाची साखर करपवून.
काचेचा बुधला सौनात ठेवला, खालच्या बाकावर,
शनिवारची ऊब लाकडात मुरलेली असते तिथे;
बाकीचे दिवस चुलीत दोन-दोन ढलप्या.
शेजारचा उर्हो कुंपणावरून म्हणाला,
"आत कोण आहे? गुबगुब आवाज येतोय."
"पाहुणे," मी म्हणाले.
तो टॉवेल घेऊन परत गेला.

भाची कायसा सूक्ष्मजीव शिकते.
तिने जेवता जेवता सांगून टाकलं,
"मावशी, हे बहुतेक ते यीस्टच नव्हे.
पुष्कळ जण बियर एका यीस्टने आंबवतात,
ते गाळून काढतात,
आणि बाटलीत भरताना दुसरंच घालतात,
नुसत्या बुडबुड्यांपुरतं."
मग बटाटे पुढे कर म्हणाली.

म्हणजे मिरी आणि नाशपती ज्याची,
ते केव्हाच नाल्यातून गेलेलं.
मी वाढवलं ते उशिरा बोलावलेलं,
सगळं उरकल्यावर,
झाकण लागल्यावर अंधारात थांबलेलं.
मला राग यायला हवा होता.
मी जाऊन चुलीत आणखी एक ढलपी घातली.

बियर झाली. कोरडी,
पावाच्या कडेसारखी.
मिरी नाही. नाशपती तर नाहीच.
पण दुसरा पेला भरावासा वाटला
आणि मी भरला.

जूनमध्ये एक बाटली पाठवली,
त्याच मोज्यात.
फोन आला रविवारी.
"ती नव्हे," रेनो म्हणाला.
"माहीत आहे."
मग खालून एक अख्खं जहाज जावं
एवढा वेळ तारेवर कोणी नाही.
मी थांबले. पुलावर थांबायची
आम्हा सगळ्यांना सवय आहे.
"बोटभर ठेवलंय," तो म्हणाला.
"पाणी कितपत निववायचं?"